विमानातली लहान बॅटरी

वसंत व्याख्यानमालेची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. अशा व्यासपीठावर इतिहास, साहित्य, संतवाङ्मय, समाजकारण यांवर बोलावे हा रिवाज. तेथे खेळण्यातल्या विमानाच्या बॅटरीवर कोणी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. आज नमुना विमाने आणि त्यांची भावंडे म्हणजे ड्रोन ही केवळ मोठ्या शहरांतली चैन राहिलेली नाही. लग्नाच्या मांडवावर चित्रीकरणाचा ड्रोन घिरट्या घालतो, उसाच्या फडावर फवारणीचा ड्रोन उतरतो. महिला बचत गटांना असे ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात मंजूर केली, तीत गटांची संख्या १५,००० धरली होती. दौंड–सोलापूर लोहमार्गावरच्या आमच्या केमसारख्या कुंकवाच्या गावातील मुलगाही आता घरपोच पार्सलाने विमानाचे साहित्य मागवू शकतो. तेव्हा हे यंत्र आकाशात कशाच्या जोरावर आज्ञा पाळते आणि कशाने बेबंद होते, हे चार शहाण्या माणसांना ठाऊक असणे बरे.

प्रथम हा खेळ कसा चालतो ते पाहू. उडवणाऱ्याच्या हातात एक पेटी असते, तिला आपण प्रक्षेपक म्हणू. तिच्यावरील दांड्या हलविल्या की त्या हालचालीचा संदेश रेडिओलहरींवर स्वार होऊन विमानाकडे जातो. विमानाच्या पोटात काडेपेटीएवढे एक यंत्र असते. ते संदेश पकडते. हे ग्राहक यंत्र, म्हणजेच रिसीव्हर. रिसीव्हर स्वतः काही हलवीत नाही. तो हुकूम देतो आणि लहान मोटारी व दाते असलेल्या डब्या तो हुकूम अमलात आणतात. या डब्यांना सर्व्हो म्हणतात. एक सर्व्हो शेपटीचे आडवे फळकूट वरखाली करतो, दुसरा उभे फळकूट डावीउजवीकडे फिरवितो, तिसरा पंखांच्या कडा हलवितो, चौथा इंजिनाचा वेग कमीजास्त करतो. रिसीव्हर आणि सर्व्हो, दोघांनाही वीज लागते आणि ती पुरविते एक लहानशी बॅटरी. पेट्रोल वा स्पिरिटवर चालणारे इंजिन असले, तरी ही बॅटरी वेगळी असतेच. इंजिन बंद पडले तर विमान घारीसारखे तरंगत खाली येते आणि उडवणारा त्याला मोकळ्या जागी उतरवू शकतो. ही लहान बॅटरी बंद पडली, तर इंजिन जोरात चालू असूनही विमान कोणाचेच राहत नाही.

यात धोका किती, याचा हिशेब करू. दोन किलो वजनाचे विमान ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या अंगी ४०० ज्यूल एवढी गतिज शक्ती असते. चाळीस किलोचे पोते एक मीटर उंचीवरून पडले, तर जेवढा दणका बसेल तेवढाच हा. शिवाय पोत्याला पुढे फिरते पाते नसते. जत्रेच्या गर्दीवर असे विमान कोसळले, तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून हा खेळ असला, तरी त्यातील बॅटरीचा प्रश्न खेळाचा नाही.

दुरून यंत्राला हुकूम देण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखविली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये हौदातली एक छोटी नाव दुरून चालवून दाखविली. त्या नावेच्या पोटात विजेचे घट होते. विमानाच्या बाबतीत मात्र वजनाची अडचण होती. नाव चार किलो जास्त वाहील, विमान वाहत नाही. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ च्या सुमारास आपले ‘गफ’ नावाचे नमुना विमान रेडिओने चालवून दाखविले. ते आज तेथील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्या काळी रिसीव्हरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत आणि व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागे. त्याची तार तापविण्यास दीड व्होल्टचा एक घट आणि त्यातून विद्युत्प्रवाह ओढण्यास ४५ व्होल्ट किंवा त्याहून मोठी दुसरी बॅटरी. १९३८ साली निघालेल्या ‘आर. के. ६१’ या एका व्हॉल्व्हवर सगळा रिसीव्हर उभा राही, म्हणून हौशी लोकांना तो मोठा आधार वाटला. तरी त्यालाही ४५ व्होल्ट लागतच. फळकूट हलविण्याचे काम बॅटरीवर टाकणे परवडत नसे. ते काम पीळ दिलेला रबराचा पट्टा करी. विजेने फक्त त्याची खिटी सोडावयाची. डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत हे सारे बदलले. ४५ व्होल्टची बॅटरी गेली, रबराचा पट्टाही गेला. चार लहान घटांवर रिसीव्हर आणि सर्व्हो दोन्ही चालू लागले. वजन उतरले, परंतु पूर्वी रबराने केलेले कष्टाचे काम आता बॅटरीच्या खांद्यावर आले, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आजच्या बऱ्याच अपघातांचे मूळ तेथे आहे.

आता घट म्हणजे काय ते पाहू. केमच्या माणसाला ते समजावणे सोपे आहे. हळदीला खाराची संगत लागली की पिवळी हळद लाल होते. हाच गुण कुंकवाच्या कामी येतो. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो, हे प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. म्हणजे काही रासायनिक क्रिया उलट फिरविता येतात. विजेच्या घटातही दोन पदार्थांची रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून वीज निघते. ज्या घटात ही क्रिया बाहेरून वीज देऊन उलटी फिरविता येते तो पुन्हा भरता येणारा घट. जेथे फिरविता येत नाही तो एकदा वापरून टाकावयाचा घट. टॉर्चमधला दीड व्होल्टचा कोरडा सेल हा दुसऱ्या जातीचा. १८६६ साली लक्लांशे या फ्रेंच गृहस्थांनी काढलेल्या ओल्या घटाचा तो वंशज. निकेल-कॅडमियम घट पहिल्या जातीचा. तो १८९९ साली स्वीडनच्या युंगनेर यांनी काढला. निकेल-मेटल-हायड्राइड घट १९८९ च्या सुमारास बाजारात आला आणि लिथियम-आयन घट १९९१ साली. या शेवटच्या घटाच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घटाची निवड करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात आणि त्या तिन्ही आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून कळतात. टाकी किती उंचावर आहे, तो दाब म्हणजे व्होल्ट. टाकीत पाणी किती मावते, ती धारणा. तिचे माप मिलिअँपिअर-तास. आणि टाकीतून निघालेला नळ किती रुंद आहे, ही तिसरी गोष्ट. नळ अरुंद असेल, तर टाकी कितीही उंच व भरलेली असो, एकाच वेळी चार तोट्या उघडल्या की धार करंगळीएवढी होते. घटाच्या पोटातही असा अरुंदपणा असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. डबीवर व्होल्ट लिहिलेले असतात, मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात. हा रोध बहुधा लिहिलेला नसतो. विमाने पडतात ती मुख्यतः या न लिहिलेल्या आकड्यामुळे.

उदाहरण घेऊ. चार सर्व्हो एकाच वेळी जोर लावू लागले, तर प्रत्येकी एक अँपिअर धरून क्षणभर चार अँपिअर प्रवाह लागतो. विमान सूर मारून वर उचलताना असेच घडते. एरवी सरासरी प्रवाह जेमतेम पाव ते अर्धा अँपिअर असतो. दुकानातून आणलेले चार नवे अल्कलाइन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले, तर मीटर सहा व्होल्ट दाखवितो. पाहणारा खूश होतो. आता अशा प्रत्येक सेलचा रोध सुमारे ०.१५ ओहम धरा. चार सेलांचा ०.६ ओहम झाला, तारा व खटका यांचा ०.१ मिळवा, एकूण ०.७. चार अँपिअरला त्यात २.८ व्होल्ट आतल्या आत खर्ची पडतात. सहातून २.८ गेले, उरले ३.२. साध्या जस्त-कार्बन सेलांची गत याहून वाईट.

आता चार निकेल-मेटल-हायड्राइड घट घेऊ. प्रत्येकी १.२ धरून मीटरवर ४.८ व्होल्ट, म्हणजे सेलांपेक्षा कमीच. परंतु चांगल्या घटाचा रोध ०.०३ ओहमच्या आसपास असतो. चार घटांचे ०.१२, तारांचे ०.१, मिळून ०.२२. चार अँपिअरला तूट पडली ०.८८ व्होल्टची, उरले ३.९. ज्या बॅटरीने सहाचा डौल दाखविला ती ३.२ वर बसली आणि जिने ४.८ दाखविले ती ३.९ वर उभी राहिली. आणि रिसीव्हरला तर साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली शुद्ध राहत नाही. मात्र तीच निकेलची बॅटरी जुनी झाली, प्रत्येक घटाचा रोध ०.१ ओहमवर गेला, की एकूण रोध ०.५ होतो, तूट दोन व्होल्टची पडते आणि हाती राहतात २.८. बॅटरी तीच, डबीवरचे आकडे तेच. पण विमान पडते.

पूर्वी, ३५ वा ७२ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरणाऱ्या रिसीव्हरमध्ये, व्होल्ट उतरले तर सर्व्हो क्षणभर अडखळत आणि पुन्हा सावरत. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. त्यांनी एकमेकांच्या लहरींत गोंधळ होण्याची जुनी पीडा संपविली, परंतु त्यांच्या रिसीव्हरमध्ये एक छोटा संगणक आहे. व्होल्ट क्षणभर जरी फार उतरले, तरी तो संगणक बंद पडतो आणि पुन्हा उठून आपला प्रक्षेपक शोधू लागतो. सुरुवातीच्या काही संचांना या उठण्यास कित्येक सेकंद लागत. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारे विमान तीन सेकंदांत ६० मीटर जाते आणि ते उडत असते तीस-चाळीस मीटर उंचीवर. पुढचे गणित श्रोत्यांनीच करावे. नव्या संचांत हा वेळ पुष्कळ कमी झाला आहे. तरी मूळ दोष बॅटरीचा असल्याने तो रिसीव्हर बदलून जात नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रिसीव्हरमध्ये ‘फेलसेफ’ नावाची सोय असते. लहरी तुटल्या तर ती इंजिन मंद करते आणि फळकुटे ठरवून दिलेल्या जागी नेते. म्हणून पुष्कळांना वाटते की आता भिण्याचे कारण नाही. पण ही सोय लहरी तुटण्यावर आहे, वीज तुटण्यावर नाही. पहारेकरी कितीही दक्ष असला तरी तोच झोपला, तर घराचे रक्षण कोण करणार? वीज गेली की सर्व्हो होते त्या जागी मुके होतात. इंजिन जोरात असेल तर जोरातच राहते.

निकेलच्या घटाचा आणखी एक स्वभाव सांगतो. टॉर्चचा सेल हळूहळू उतरतो. उजेड पिवळा पडू लागला की आपण समजतो. निकेलचा घट जवळजवळ शेवटपर्यंत १.२ व्होल्ट राखतो आणि मग विहिरीच्या काठावरून पाय घसरावा तसा एकदम खाली जातो. तो आधी सूचना देत नाही. म्हणून धारणेचा हिशेब आपण ठेवावयाचा. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि सरासरी ३०० मिलिअँपिअर खर्च धरला, तर ती साडेसहा तास पुरावी असे कागद सांगतो. दहा मिनिटांच्या एका उड्डाणाला ५० मिलिअँपिअर-तास जातात. तथापि शहाण्याने निम्मी धारणाच आपली मानावी आणि उरलेली पाहुण्यासाठी राखलेल्या भाकरीसारखी ठेवावी. शिवाय साधा निकेल-मेटल-हायड्राइड घट नुसता पडून राहिला, तरी महिन्याभरात आपल्या साठ्याचा पाव हिस्सा गमावतो. मागच्या महिन्यात भरलेली बॅटरी भरलेली नसते.

मग परीक्षा कशी करावी? रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या हमालाची ताकद कळत नाही; त्याच्या पाठीवर पोते द्यावे लागते. बॅटरीचेही तसेच आहे. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ४.७ ओहमचा, पाच ते दहा वॅटचा रोधक थोड्या पैशांत मिळतो. तो बॅटरीला जोडला की सुमारे एक अँपिअर प्रवाह वाहतो. तो वाहत असताना दहा सेकंद मीटर पाहावा. चार निकेलच्या घटांवर ४.८ च्या आसपास टिकले तर उडवावे, ४.६ च्या खाली गेले तर भरावे, आणि भरूनही तसेच झाले तर ती बॅटरी विमानातून काढून घड्याळाला लावावी. रोधक तापतो, म्हणून तो बोटात धरू नये. बॅटरीइतकाच संशय खटक्यावर, जोडणीवर आणि तारांवर घ्यावा. जुन्या निकेल-कॅडमियमच्या डब्यांत ऋण बाजूची तार आतून काळी पडते व तिचा रोध वाढतो. वरून ती धडधाकट दिसते. इंजिनाच्या हादऱ्याने डाख सुटतो, म्हणून बॅटरी फोमात गुंडाळून बसवितात. मोठ्या विमानात दोन बॅटऱ्या आणि दोन खटके ठेवतात, ते याच कारणाने.

विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या विमानात वेगळी सोय असते. तेथे लिथियम-पॉलिमरची मोठी बॅटरी मोटार चालविते आणि तिच्यातूनच पाच व्होल्ट उतरवून रिसीव्हरला देतात. त्यामुळे वेगळ्या डबीचे वजन वाचते. मोठ्या बॅटरीचा दाब खाली येऊ लागला की नियंत्रक मोटार बंद करतो आणि उरलेली वीज रिसीव्हरसाठी राखतो. घरातले धान्य संपत आले की आधी विक्री थांबवावी आणि मुलांपुरते ठेवावे, तसाच हा व्यवहार आहे. पण दाब उतरविण्याचे काम जुन्या पद्धतीने, म्हणजे जादा व्होल्ट उष्णतेत जाळून केले, तर अडचण येते. तीन घटांच्या ११.१ व्होल्टवरून पाच करावयाचे आणि दोन अँपिअर द्यावयाचे, तर ६.१ गुणिले दोन म्हणजे १२.२ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्यात तयार होते. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाख वितळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा तुकडा तापून बंद का पडतो ते कळेल. वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडून दाब उतरविणारे नवे प्रकार इतके तापत नाहीत. तीन घटांहून मोठी बॅटरी वा चारांहून अधिक सर्व्हो असतील, तर तेच घ्यावेत.

ड्रोनचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पंखांचे विमान मोटार थांबली तरी तरंगते. चार पंख्यांच्या ड्रोनला तरंगण्यास पंखच नाहीत. वीज संपली की तो दगडासारखा सरळ खाली येतो. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात असे यंत्र अनेकांनी प्रथम पाहिले. मुंबईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांनी २००७ साली काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचे ते यंत्र. अशा यंत्राच्या खाली कोणी उभे राहू नये, एवढे लहान मुलांनाही सांगून ठेवावे.

लिथियम घटाबद्दल सोलापूर जिल्ह्यात अधिक सावध राहावे लागते. प्रत्येक घट भरला म्हणजे ४.२ व्होल्ट दाखवितो. त्याहून अधिक भरला तर पेट घेण्याचा धोका, आणि तीन व्होल्टच्या खाली उतरला तर तो कायमचा बिघडतो. ठेवून द्यावयाचा असेल तर ३.८ च्या आसपास ठेवावा. वैशाखात आपल्याकडे सावलीतला पारा चाळिशीच्या वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आत त्याहून पुष्कळ वर. अशा जागी हा घट ठेवू नये. फुगलेला घट मोहात पडून पुन्हा भरू नये. भरताना तो मातीच्या कुंडीत वा परातीत, गवत-कागदापासून दूर ठेवावा, जवळ वाळूची बादली असावी आणि भरवून झोपी जाऊ नये. आपल्या घरची जुनी माठाची मडकी या कामी उत्तम. निकामी घट उकिरड्यावर टाकू नयेत; कॅडमियम हे विष आहे आणि ते पावसाबरोबर विहिरीत उतरते. असे घट परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केंद्र सरकारने २०२२ च्या ऑगस्टमध्ये केले आहेत.

कायद्याचेही दोन शब्द. २०२१ च्या ऑगस्टमध्ये देशाला ड्रोनचे नियम मिळाले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांना, आणि दोन किलोपर्यंतची यंत्रे धंद्यासाठी न वापरल्यास त्यांनाही, चालक-परवान्याची सक्ती ठेवली नाही. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत मोकळीक दिली आणि विमानतळाच्या परिसरात बंधने घातली. उडविण्यापूर्वी आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते आणि त्या दिवशी नियम काय आहे, हे सरकारी नकाशावर पाहून घ्यावे. परवाना लागो वा न लागो, माणसांच्या डोक्यावरून उडवू नये हा नियम कोणी लिहून देण्याची वाट पाहू नये.

मुलाच्या हातात विमान द्यावे की नाही, असे पालक विचारतात. आमच्या मते अवश्य द्यावे. पण त्याबरोबर एक मीटर आणि एक रोधकही द्यावा. ओहमचा नियम वहीत पाठ केलेला मुलगा परीक्षेत उतरतो; तोच नियम स्वतःच्या विमानावर पडताळून पाहिलेला मुलगा पुढे शेतातल्या पंपाचा, घराच्या वायरिंगचा आणि फवारणीच्या ड्रोनचा दोष ओळखतो. दाब किती, साठा किती आणि नळ किती रुंद, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याने विमान जमिनीवरून उचलू नये. तेवढी शिस्त त्याच्या अंगी बाणली, तर मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणारे आपण सारे निर्धास्त राहू.